मारुतीच्या कमरेला थांबलेली रेघ

रेघ आधीच काढलेली असते. हे लोकांना सांगितलं तरी पटत नाही. कॉम्प्युटरवर आलेख उघडला की डावीकडून एक रेघ निघते, वरखाली होत पुढे सरकते, आणि बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आत बसून आपल्यासमोर ती काढतंय. कोणी काढत नसतं. अख्खी रेघ शेवटच्या ठिपक्यापर्यंत तिथे तयार असते. तिच्यावर एक न दिसणारं झाकण असतं आणि आम्ही ते झाकण हळूहळू बाजूला ओढतो. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, बघणाऱ्याला तेवढं उशिरा दिसतं.

हे झाकण ओढायचं काम मी नाशिकला काही वर्षं पगार घेऊन केलं. कॉलेज रोडला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. आता कोणी मला कौतुकाने विचारलं की तुम्ही तेव्हाच वेबसाइटवर हलणारे आलेख करायचात ना, तर माझ्या अंगावर काटा येतो. विचारणाऱ्याला वाटतं बाई लाजली.

आधी मामाबद्दल सांगायला हवं. माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, भांडी बाजारातल्या एका बोळात, पार उताराच्या टोकाला. दुकानाचं तोंड बोळात आणि पाठ गंगेकडे. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. मागच्या बाजूला पायऱ्या उतरून एक खोली होती, तिथे हंडे, घंगाळी, समया रचून ठेवलेल्या. त्या खोलीत एक मोरी होती. पूर आला की पाणी पहिल्यांदा त्या मोरीतून वर यायचं. पुढे बोळ कोरडा ठणठणीत आणि मागे घोटाभर पाणी, असं व्हायचं. आणि एकदा का बोळाचं टोक भरलं की मामाच्या दुकानातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. त्यामुळे तिथे सगळं एकाच गोष्टीवर होतं, माणूस वेळेवर निघाला पाहिजे.

वेळ कळायची ती मारुतीवरून. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची भलीमोठी मूर्ती उभी आहे. नाशिकमध्ये पुराची उंची फुटात कोणी सांगत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असंच सांगतात. मामाच्या बोळाचा तर कायदाच होता. गुडघा म्हणजे लक्ष ठेवायचं. कंबर म्हणजे खालची भांडी वरच्या फळ्यांवर चढवायची. पाणी कमरेच्या वर सरकलं की कुलूप लावून चालू पडायचं, मग दुकानात सोनं राहिलं तरी मागे बघायचं नाही. कारण छातीला लागलं की बोळ भरलाच.

हे बघून यायचं काम मामाचं. मी शाळेत असताना, म्हणजे नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांत, सुट्टीच्या दिवशी तो मला बरोबर न्यायचा. सगळं शहर पूर बघायला जमलेलं असायचं, कोणी कणीस खातंय, कोणी पोराला खांद्यावर घेतलंय. मामा मात्र तिथे मजा करायला येत नसे. माझं मनगट घट्ट धरायचा, इतकं की दुखायचं, आणि विचारायचा, "सांग, कुठे लागलंय?" मी म्हणायचे गुडघा. "नीट बघ. लाट बघू नकोस, पाणी बघ." गढूळ पाण्यातून झाडं यायची, एकदा एक म्हैस आली, पोट फुगलेली, पाय वर. ती मारुतीला आपटली, वळली आणि पुढे गेली. मामा म्हणाला, "हिला कोणी सांगितलं नाही वेळेवर." मला त्या नदीची भीती वाटते ती तेव्हापासून.

परत आल्यावर तो बोळाच्या तोंडाशी उभा राहून नुसतं "कंबर!" म्हणायचा आणि बोळातली सगळी दुकानं भांडी वर चढवायला लागायची. त्याच्या शब्दावर लोक कुलूप लावत होते. अशी कित्येक वर्षं गेली आणि त्या बोळातलं एक माणूस कधी दगावलं नाही. मग मामाचे गुडघे गेले. चढउतार जमेना. घाटापर्यंत जाऊन यायचं म्हणजे रात्री मामीला तेल चोळत बसावं लागायचं, आणि मामी काही गप्प बसून तेल चोळणाऱ्यातली नव्हती. "त्या मारुतीला गुडघे आहेत, तुम्हाला नाहीत आता," असं म्हणायची.

इकडे मी कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागले होते. फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यात आलेख हलते करायचे. आमच्या सरांनी नाशिकच्या बातम्यांची वेबसाइट काढली होती आणि तिच्यावर माझं पहिलं काम म्हणजे कांद्याच्या भावाची रेघ. चांदवडच्या बाजारातून भाव यायचा, मी तो भरायचे आणि रेघ पुढे सरकायची. भाव एकदम चढला तर रेघ चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून मी अशी सोय केली होती की रेघ मध्याच्या वर जाऊ लागली की बाजूच्या पट्टीवरचे आकडे आपोआप मोठे व्हायचे आणि रेघेचं टोक चौकटीच्या मध्यावरच राहायचं. कांद्यासाठी ते ठीकच होतं. कांदा बघणारा माणूस आकडाच बघतो.

सरांना त्या रेघेचं वेड लागलं. मूळचे जाहिरातवाले माणूस. म्हणाले, "मॅडम, एवढी पटकन नका काढू. सावकाश काढा. माणसाने श्वास रोखून बघत राहायला पाहिजे." मी रेघ सावकाश केली. अजून सावकाश, म्हणाले. शेवटी ती अशी रांगायला लागली की एक आलेख पुरा व्हायला अर्धा मिनिट जायचं. वर पान थोड्या थोड्या वेळाने आपणहून ताजं व्हायचं, म्हणजे रेघ पुन्हा पहिल्यापासून. लोक खरंच बघत बसायचे. खाली जाहिराती असायच्या, त्या तेवढा वेळ डोळ्यासमोर राहायच्या. सरांचं गणित चुकलेलं नव्हतं.

त्या पावसाळ्याआधी सर म्हणाले, आता गंगेच्या पाण्याची रेघ करू. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ नदीकाठी राहायचे, ते फोनवर पाण्याची उंची सांगणार आणि सर स्वतः आकडा भरणार. माझी काही हरकत नव्हती. हरकत पुढे आली. लोकांना फूट-मीटर कळत नाही, मारुती कळतो, असं म्हणून सरांनी आलेखाच्या कडेला मारुतीचा फोटो लावून घेतला, पायापासून डोक्यापर्यंत, चौकटीच्या उंचीएवढा. रेघ जिथे पोचेल तिथे पाणी. आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे आले. मीही खाल्ला.

मग मी आकडे टाकून बघितले. कमरेपर्यंत सगळं बरोबर. कमरेच्या वरचा आकडा टाकला आणि पट्टी ताणली गेली, कांद्यासारखी. आकडे मोठे झाले, टोक चौकटीच्या मध्यावरच राहावं म्हणून रेघ खाली दबली आणि मारुतीच्या कमरेशीच थांबली. छातीचा आकडा टाकला, कंबर. गळ्याचा टाकला, तरी कंबर. फोटो होता तेवढाच राहायचा ना, तो थोडाच ताणला जाणार होता! पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं असतं तरी आमची रेघ कमरेलाच थांबली असती, आणि तीही अशा झोकात सावकाश चढून, की बघणाऱ्याला खरीच वाटावी.

मी सरांच्या टेबलावर जाऊन भांडले. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं, त्यामुळे मी खरं बोलले तरी लोकांना ते रागाचंच वाटायचं. मी म्हटलं, एक तर फोटो काढा, नाहीतर पट्टी कायमची डोक्यापर्यंत धरू, ताणायची भानगडच नको. सर म्हणाले, "पट्टी खिळवून टाकली तर तिची हालचाल गेली, रेघ मेल्यासारखी वाटेल. मेलेली रेघ कोण बघणार? आणि कमरेच्या वर पाणी काय रोज जातं?" मी म्हटलं, ज्या दिवशी जाईल त्या दिवशी काय? "तेव्हाचं तेव्हा बघू." गाढवापुढे वाचली गीता. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, ते पुन्हा पुन्हा पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले, आणि फोटो तसाच राहिला.

मामाने तेव्हाच दुकानात कॉम्प्युटर घेतला होता. सांगायला बिलांसाठी, पण खरं तर भाचीची रेघ बघायला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तांब्याचा हंडा दाखवायच्या आधी रेघ दाखवायचा. "ही बघा. आमच्या भाचीने काढलीय. हाताने नाही, कॉम्प्युटरने." इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. तो इंटरनेटला बसला की दुकानाचा फोन एंगेज. मामी घरून वैतागायची, जेवायला येताय का एवढं विचारायला सुद्धा फोन लागत नाही म्हणायची. मोबाइल त्याच्याकडे नव्हता, माझ्याकडेही नव्हता.

आणि मामा काही भोळा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. नंतर लोक वाटेल ते बोलले. त्याने रेघेची परीक्षा घेतली होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला गंगेला थोडं पाणी आलं, रेघ गुडघ्याला लागली. हा दुखऱ्या पायांनी घाटापर्यंत गेला, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, गुडघाच. पुढे एकदा मांडीला लागली, पुन्हा गेला, मांडीच. त्यानंतर तो गेला नाही. मला फोन करून म्हणाला, "पोरी, तू मला गुडघे दिलेस परत."

मी तेव्हाच त्याला सांगितलं. फोनवर सांगितलं, आणि रविवारी घरी जाऊन समोर बसून सांगितलं. मामा, ही रेघ कमरेपर्यंतच खरं बोलते. कमरेच्या वर तिचं काही ऐकू नकोस. फोटोकडे बघूच नकोस, कडेचे आकडे बघ.

तो हसला. "अर्धी खरी रेघ कुठे असते का गं?"

"असते. ही आहे. सरांना सांगून थकले मी."

"तुझं आणि तुझ्या सरांचं भांडण मला माहीत आहे. पहिलं बक्षीस मिळालं तरी तू म्हणशील, परीक्षकाला काही कळत नाही." मग मामीकडे बघून म्हणाला, "हिचं असंच. लहानपणी रांगोळी काढायची आणि आम्ही बरी म्हटलं की पुसून टाकायची." मामी हसली. मीही चिडून का होईना, हसले. आकडे फार बारीक दिसतात, चष्मा लावला तरी नीट लागत नाहीत, असंही तो म्हणाला होता. बघतो म्हणाला. काय करायचं माणसाने याहून? पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी त्र्यंबककडे आदल्या संध्याकाळपासून पाऊस थांबलाच नव्हता. नाशिकमध्ये तसा बेताचा होता, हेच वाईट. शहरात पाऊस कमी असला की माणसाला वाटतं नदीही तेवढीच असेल. सकाळी मी मामाकडे फोन केला. मामीने उचलला, तो निघाला होता. "मी म्हटलं जाऊ नका, तर म्हणे खालची भांडी वर चढवतो आणि येतो," मामी म्हणाली. "तू सांग तुझ्या मामाला." मी म्हटलं, सांगते.

ऑफिसात पोचले तर सर खुशीत. अख्खं नाशिक आपलं पान बघतंय, म्हणाले. रेघ गुडघ्याच्या वर आली होती. मी दुकानात फोन लावला, लागला. मामा म्हणाला, "आत्ताच बघितलं की. मांडीला लागलंय. कमरेला लागलं की वर चढवणार, कमरेच्या वर गेलं की कुलूप. नियम मला शिकवतेस का?" मी म्हटलं, मामा, आकडे बघ, आकडे. तो म्हणाला, "बरं बाई. आता ठेव, तू बोलत बसलीस तर मी बघू कशात?" आणि खरंच फोन ठेवून तो पुन्हा इंटरनेटला बसला. त्याचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.

दुपारी कमरेचा आकडा आला. तोपर्यंत रेघ खरी होती. मग सरांचा फोन वाजला, नदीकाठचे ते गृहस्थ बोलत होते, इतक्या मोठ्याने की मला माझ्या जागेवर आवाज येत होता. सरांनी आकडा भरला. मी पान उघडलं. झाकण सरकायला लागलं. रेघ सकाळपासून निघाली, पायाशी, घोट्याशी, गुडघ्याशी, आणि आली ती कमरेशी थांबली. पट्टीवरचे आकडे बदलले होते. बारीक, राखाडी आकडे, सरांनीच राखाडी करायला सांगितलेले. त्या आकड्यांप्रमाणे पाणी छातीकडे निघालं होतं.

मी सरांना म्हटलं, फोटो काढा, आत्ताच्या आत्ता. सर म्हणाले, "आज? आज पानाला हात लावायचा?" मी त्यांना विचारत बसले नाही. फोटो काढून टाकला, पट्टीच्या वर मोठ्या लाल अक्षरात आकडा टाकला आणि नवी फाइल चढवली. सर मागे उभे राहून ओरडत होते, ते ओरडत राहिले. नवीन पान मी उघडून बघितलं, मारुती गेला होता. क्षणभर जिवात जीव आला.

आणि मग आठवलं. एकदा उघडलेली फाइल कॉम्प्युटर स्वतःच्या पोटात ठेवून घेतो. ज्याने सकाळपासून पान उघडं ठेवलंय त्याला पान ताजं झालं तरी जुनीच फाइल दिसत राहते, फक्त आकडे नवे येतात. मामाचं पान सकाळपासून उघडं होतं. म्हणजे मामासमोर मारुती होता.

फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तो टूं टूं आवाज मला आजही सहन होत नाही. त्या आवाजाचा अर्थ एकच होता, की तो तिथे बसून माझी रेघ बघतोय. समोरच्या दुकानाचा नंबर मला माहीत नव्हता. मामीला फोन केला, तिला म्हटलं, कोणाला तरी पाठव, तर ती म्हणाली, कोणाला पाठवू, मीच निघते रिक्षाने. तिला घराबाहेर पडू नकोस म्हणून सांगितलं आणि मी स्कूटी काढली.

रविवार कारंजावर रस्ता बंद होता. दोर बांधलेला, पोलीस, आणि पलीकडे बघायला जमलेली गर्दी. पुढे उतारावर रस्त्याच्या जागी तपकिरी पाणी दिसत होतं आणि त्यात एक हातगाडी तिरपी होऊन फिरत होती. मी पोलिसाला म्हटलं, माझा मामा आत आहे. तो म्हणाला, बाई, आतली माणसं निघाली सगळी, बोळ रिकामे केलेत. तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही तसंच वाटत होतं.

कोपऱ्यावर पब्लिक फोनचा बूथ होता. मी नंबर फिरवला. या वेळी एंगेज नव्हता. रिंग जात होती.

मला इतका आनंद झाला, काय सांगू. रिंग जातेय म्हणजे तो इंटरनेटवरून उठला. उचलत नाही म्हणजे दुकानात नाही. निघाला! मी बूथवाल्याला सांगितलंसुद्धा, निघाले हो, माझे मामा निघाले. मामीला फोन करून तेच सांगितलं. ती म्हणाली, देवच पावला. मग मी कारंजाशी उभी राहिले, येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चालीकडे बघत, कारण मामा गुडघ्यांमुळे एका बाजूला झुकून चालायचा. अशी चालणारी बरीच माणसं आली. तो आला नाही.

त्या भागातली वीज गेली होती. कॉम्प्युटर बंद पडला आणि तार मोकळी झाली, म्हणून रिंग जात होती. बाकी काही नाही.

पाणी ओसरल्यावर तो मागच्या खोलीत सापडला. पुढे बोळात पाणी येण्याआधीच मोरीतून वर आलं असणार, आणि तो खालच्या समया उचलायला पायऱ्या उतरला असणार, कमरेच्या पाण्याला जे करायचं तेच करायला. दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्यात पायऱ्या चढता आल्या नसतील. हे सगळं आम्ही मागाहून जुळवलं. बघितलं कोणीच नव्हतं.

दिवसकार्याच्या वेळी समोरच्या दुकानातले काका आले. सज्जन माणूस. ते मामीसमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "वहिनी, मी हाक मारली होती. आम्ही सगळे निघालो होतो. मी दारातून म्हटलं, चला, आता निघू या. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, भाचीची रेघ पुरी होऊ दे, आलोच." काकांना मी त्या खोलीत आहे हे माहीत होतं की नाही, कोणास ठाऊक. मामीने माझ्याकडे बघितलं नाही. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, ती सोडून.

नोकरी मी सोडली होती. सरांनी नंतर त्या रेघेची पट्टी डोक्यापर्यंत धरली म्हणे, आणि लोक फोटोवर एवढे कसे विसंबतात, असं कुणाजवळ तरी बोलले. ते ऐकून मी घरातला स्टीलचा डबा भिंतीवर फेकून मारला होता. अजून राग आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी मामी आमच्याकडे आली. एकटीच. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला ती दाखव."

मी म्हटलं, काय?

"ते जे बघत होते ते. मी कधी बघितलंच नाही. रोज म्हणायचे, ये दुकानात, दाखवतो. मी म्हणायचे, मला काय करायचंय तुमच्या कॉम्प्युटरशी."

जुनी फाइल माझ्याकडे होती, मारुतीसकट. मला ती उघडायची नव्हती. मामीला नाही म्हणता आलं नाही. मी तिला खुर्चीवर बसवलं, त्या दिवसाचे आकडे भरले आणि बाजूला उभी राहिले. मारुती दिसल्यावर तिने आधी हात जोडले. मग रेघ निघाली. निळी होती, थोडी जाडसर, तिच्या टोकाला मी एक छोटा पांढरा ठिपका ठेवला होता, तो पुढे पुढे सरकायचा. मामीची मान त्याच्याबरोबर वळत होती. घोटा झाला, गुडघा झाला, मांडी झाली. रेघ कमरेला आली आणि थांबली. मामी अजून बघत होती, पुढे काही होईल म्हणून. मग पान ताजं झालं आणि रेघ पुन्हा पहिल्यापासून निघाली. मी बंद करायला हात पुढे केला, तर तिने तो नुसता बाजूला केला. दुसऱ्यांदाही तिने शेवटपर्यंत बघितलं.

मला वाटलं, आता ती बोलेल. मी तयार होते. खरं तर इतके महिने मी त्याचीच वाट बघत होते.

मामी पदराने डोळे पुसत म्हणाली, "किती छान जाते गं. मीसुद्धा उठले नसते."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.